शब्द हवा: पोटातल्या 'क्लिपा'

सदाशिवपेठी
सासूबाईंचं पित्ताशय दुर्बिणीतून काढलं. डिस्चार्ज कार्ड त्यांना मराठीत लिहून हवं होतं. 'टायटॅनियम क्लिप्स'ला मी 'टाचण्या' लिहिलं आणि घर डोक्यावर घेतलं त्यांनी. "पोटात टाचण्या राहिल्या आणि तुम्ही गप्प?" बरा शब्द सुचवा.

ओटीतली सिस्टर
बरोबरच आहे त्यांचं, टाचणी टोचते. क्लिप टोचत नाही, चिमटते. उघड्या जबड्यासारखी असते. रक्तवाहिनी मधे धरून दाबली की दोन्ही पाय मिटतात. पोटात राहणाऱ्या बाजूला साधारण दोन, निघणाऱ्या बाजूला एक, मग मधे कात्री. पित्तनलिकेलाही तसंच.
स्टेपलर वेगळा, बरं का. त्याच्या पिना आरपार जातात आणि इंग्रजी 'बी' अक्षरासारख्या वळतात. एका दाबात दोन्हीकडे दोन-तीन ओळी बसतात आणि मधून पातं फिरतं. मूत्रपिंडाच्या, फुप्फुसाच्या मोठ्या वाहिन्यांना तो. वाहिनीसाठी सहसा पांढरं कार्ट्रिज, म्हणजे पिना भरलेली पट्टी: पिनेचे पाय २.५ मि.मी., मिटल्यावर १ मि.मी. आतड्याला निळं, ३.५ चं. निळं पांढऱ्याइतकं घट्ट मिटत नाही, वाहिनीला लावलं तर रक्त झिरपेल.

पर्वतीकर
मग क्लिपला 'चाप' म्हणा. तुळशीबागेत केसांचा मिळतो तोच. शिवाय 'रक्तस्रावाला चाप बसला' हे आयतंच मराठी आहे!

जुना अनुवादक
चाप चांगला, पण बंदुकीचाही चापच. स्टेपलरचं वर्णन करताना 'चाप ओढला की पिना बसतात' लिहाल आणि पुढच्याच वाक्यात 'चाप लावले'. वाचणारा गोंधळेल.

पर्वतीकर
स्टेपलरच्या त्या भागाला 'खटका' म्हणायचं, मिटलं. आणि पिनेला पिनच राहू द्या. अप्पा बळवंत चौकात 'स्टेपलरच्या पिना' मागतो तेव्हा कुठे अडतं आपलं?

जुना अनुवादक
मान्य. जाता जाता: फाटलेल्या आतड्याच्या कडा काळ्या मुंगळ्यांकडून चाववून घ्यायच्या आणि डोकी तशीच ठेवायची, असा उपाय सुश्रुतसंहितेत आहे. 'मुंगळा' सुचवणार होतो, पण सासूबाईंचा विचार केला.

सदाशिवपेठी
'टायटॅनियमचे बारीक चाप' लिहिलं. लगेच प्रश्न आला, काढायला कधी जायचं?

ओटीतली सिस्टर
काढत नाहीत, राहतात तिथेच. टायटॅनियमला लोहचुंबक ओढत नाही. तरी पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली तर आधी सांगा आणि मूळ कार्ड जपून ठेवा. तिथे 'चाप' म्हणालात तर टेक्निशियन तुमच्या केसांकडे बघेल.