[मंडळ-लिस्ट] ३१ आठवडे झालेत, पोट सारखं कडक होतंय

मंडळी, एका सदस्येचा मेल तिच्या विनंतीवरून नाव काढून पुढे पाठवतोय. उत्तरं लिस्टवरच द्या, तिला दिसतील.
– लिस्ट सांभाळणारा

> नमस्कार. आम्ही मिनिआपोलिसपासून तासाभरावर राहतो. पहिलंच बाळंतपण, ३१ आठवडे पूर्ण झालेत. कालपासून पोट मधूनच दगडासारखं घट्ट होतं आणि थोड्या वेळानं सुटतं. फार दुखत नाही, पण आज संध्याकाळी तासाभरात ५-६ वेळा झालं आणि कंबरही भरून आलीय. अपॉइंटमेंट गुरुवारी आहे. नवरा म्हणतो, आत्ता फोन कर. मला वाटतं खोट्या कळा असतील, रात्री कुणाला कशाला त्रास द्यायचा, शिवाय इमर्जन्सीचं बिल. आई सोलापूरहून फोनवर रडतेय, कारण सातव्यातलं वाचतं, आठव्यातलं नाही, आणि मला आठवा लागलाय. कुणाला असा अनुभव?

---

बेटा, घाबरू नकोस. डाव्या कुशीवर पड, पाणी पी, पायाखाली उशी घे. आमच्या हिलाही दोन्ही वेळेला असंच व्हायचं. आता दिवस भरेपर्यंत पलंगावरून उतरू नकोस, म्हणजे झालं. गुरुवारी डॉक्टरांना सांगच.
– ईडन प्रेअरीचे काका

---

काका, पाणी आणि डावी कूस मान्य. बाकीचं खोडते, राग मानू नका.

मी इथे लेबर अँड डिलिव्हरीत नर्स आहे. ताई, हा मेल वाचत असशील तर आधी डॉक्टरांच्या नंबरवर फोन कर. रात्री आन्सरिंग सर्व्हिस उचलते, ऑन-कॉल डॉक्टर उलट फोन करतात. त्यांची ड्युटीच असते ती, तू कुणाची झोपमोड करत नाहीस.

खोट्या कळा अनियमित असतात, चाललं किंवा पडलं की बहुतेक वेळा थांबतात. पण ३७ आठवड्यांच्या आत दर दहा मिनिटांनी किंवा त्याहून लवकर पोट आवळत असेल, कंबर धरत असेल, तर खऱ्या की खोट्या हे घरी बसून मलाही सांगता यायचं नाही. ते तपासूनच कळतं. पाणी गेलं, रक्त दिसलं किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर फोनवरही थांबू नकोस, थेट नीघ.

तिथे काय होतं ते सांगते, म्हणजे धास्ती कमी होईल. पोटाला दोन पट्टे बांधतात, एक कळांसाठी, एक बाळाच्या ठोक्यांसाठी. लघवी तपासतात, कारण मूत्रमार्गाचा संसर्ग हे अगदी नेहमीचं कारण, आणि पाणी कमी पिणं हे दुसरं. (जानेवारीत हीटर चोवीस तास चालू आणि तहान लागत नाही, आपल्या बायका इथेच फसतात.) मग सोनोग्राफीने गर्भपिशवीच्या तोंडाची लांबी मोजतात. ३० मिलिमीटरच्या वर असेल तर बहुतेक घरी पाठवतात, २५ च्या खाली असेल तर आम्ही कान टवकारतो.

तसं निघालंच, तर हातात वेळ असण्याला फार किंमत आहे. बीटामेथासोनची दोन इंजेक्शनं २४ तासांच्या अंतराने देतात, त्याने बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. १९७२ साली ऑकलंडमध्ये लिगिन्स आणि हाउई यांनी हे दाखवलं. कळा थांबवायची औषधं देतात तीही मुख्यतः या दोन दिवसांच्या सवडीसाठी. ३२ आठवड्यांच्या आत असेल तर बाळाच्या मेंदूसाठी मॅग्नेशियमही देतात. गुरुवारपर्यंत वाट पाहिली, तर ही सवडच हातातून जाऊ शकते.

अजून एक. ३२ च्या आतलं बाळ लेव्हल ३ एनआयसीयू (फार लवकर जन्मलेल्या बाळांचा अतिदक्षता विभाग) असलेल्या ठिकाणी जन्मावं. गावातल्या हॉस्पिटलात ते नसेल तर फोनवरच विचार, आधी कुठे जाऊ? बाळाचा प्रवास आईच्या पोटातूनच सगळ्यात सुरक्षित. आणि बिलाच्या भीतीने दारातून परत फिरू नकोस. १९८६ च्या कायद्यानं कळा येणाऱ्या बाईला इमर्जन्सी विभाग तपासल्याशिवाय घालवू शकत नाही, विमा असो नसो.

पलंगाला खिळून राहण्याचा सल्ला आता देत नाहीत. त्याने वेळेआधीचं बाळंतपण टळत नाही, उलट पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो.

आईला सांग, आठव्यातलं वाचत नाही हे साफ खोटं. पोटात काढलेला एकेक आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो.
– सु., ब्लूमिंग्टन

---

वरच्या मेलला +१. आमची मुलगी ३३ आठवड्यांची, आता भरतनाट्यम शिकते आणि घर डोक्यावर घेते. विम्याचं एकच सांगतो. बाळ कधीही येवो, नोकरीच्या विम्यात त्याचं नाव साधारण ३० दिवसांत घालावं लागतं. एनआयसीयूच्या धावपळीत हेच राहून जातं. तारीख नवऱ्याने फ्रिजवर लावावी.
– वुडबरी

---

> सगळ्यांना. सुताईंचा मेल वाचून लगेच फोन केला. त्यांनी थेट शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात बोलावलं. लांबी ३४ मिलिमीटर, बाळाचे ठोके छान. लघवीत संसर्ग निघाला. सलाईन लावल्यावर कळा विरळ झाल्या, पहाटे घरी सोडलं. अँटिबायोटिक चालू आहे, सोमवारी परत बोलावलंय. आईचं रडू थांबलं, आता तिकीट आधीचं करायला निघालीय. वुडबरीकर, तारखेचं नवऱ्याला सांगितलंय.
>
> संक्रांतीच्या कार्यक्रमाचं निवेदन मात्र कुणीतरी घ्या. स्क्रिप्ट तयार आहे, हलव्याच्या दागिन्यांचा खोकाही आमच्याकडेच आहे. शनिवारच्या आत येऊन न्या, पार्किंग मागच्या बाजूला.