सरमिसळ आजची नाही

‘नव्या पोरांनी कंट्रीचं (अमेरिकेच्या ग्रामीण भागातून आलेल्या संगीताचं) पॉप करून टाकलं’ हे तुमचं म्हणणं पटलं नाही. १९५० च्या दशकाच्या अखेरीस कंट्रीचं माहेरघर असलेल्या नॅशव्हिल शहरात चेट अ‍ॅटकिन्स आणि ओवेन ब्रॅडली या ध्वनिमुद्रण-निर्मात्यांनीच फिडल (लोकढंगाचं व्हायोलिन), स्टील गिटार मागे सारून वाद्यवृंदातल्यासारखा तंतुवाद्यांचा ताफा आणि कोरस आणला. गायिका पॅट्सी क्लाइनचा आवाज त्यातच खुलला (मला आजही तोच सर्वांत प्रिय). पुढे वेलन जेनिंग्ज, विली नेल्सन या गायकांनी त्या गुळगुळीतपणाविरुद्ध बंड केलं.

आणि मुळात कंट्रीची ओळख असलेला बँजो आफ्रिकेतून आलेल्या गुलामांचा. कंट्रीच्या आद्य गायकांपैकी असलेल्या कार्टर कुटुंबाचं १९२७ चं अमेरिकेतल्या ब्रिस्टलमधलं ध्वनिमुद्रण सगळे सांगतात. पण नंतर ए. पी. कार्टरसोबत गावोगाव हिंडून गाण्यांच्या चाली डोक्यात साठवणारा कृष्णवर्णीय गिटारवादक लेस्ली रिडल कुणाला आठवत नाही, याचं फार वाईट वाटतं.