वर्गात 'वंडर' दाखवणार आहेत आणि माझा मुलगा त्याच वर्गात आहे

नीलमोहर
मुलगा चौथीत आहे. त्याला ट्रीचर कॉलिन्स सिंड्रोम आहे. गालांची आणि जबड्याची हाडं पुरती वाढलेली नाहीत, कानाच्या पाळ्या अगदी छोट्या. डोक्याला पट्टा बांधून हाडातून आवाज पोचवणारं श्रवणयंत्र लावतो. अभ्यासात काही अडत नाही, बुद्धिबळात तर मला हरवतो.

त्याच्या बाईंनी विचारलंय, पुढच्या आठवड्यात वर्गाला 'वंडर' (२०१७) हा सिनेमा दाखवू का? त्यातल्या ऑगी नावाच्या मुलालाही हेच आहे. बाईंचं मन चांगलं आहे, मुलांना समज येईल असं त्यांना वाटतं. नवरा म्हणतो, दाखवू देत. मोठी लेक नववीत आहे, ती काहीच बोलत नाही. मी ट्रेलर अर्ध्यात बंद केला, बघवेना. ज्यांनी पाहिलाय त्यांनी कृपया सांगा.

रविवारची_दुपार
बिनधास्त दाखवा. आम्ही घरचे सगळे मिळून पाहिला, सगळे रडलो. मुलं दुसऱ्या दिवशीही त्याच्याबद्दलच बोलत होती.

उंबरठा
नीलमोहर, माझाही चेहरा तसाच आहे. ५०,००० जन्मांमागे साधारण एक असं हे प्रमाण, त्यामुळे बोलायला आपल्यासारखं माणूस सहसा भेटत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तुम्ही एकट्या बसून बघा. त्यात हॅलोविनचा, म्हणजे मुलं भुताखेतांची सोंगं घेतात त्या सणाचा प्रसंग आहे. ऑगी भुताचा मुखवटा घालून वर्गात येतो, त्यामुळे तो कोण हे कुणाला कळत नाही. आणि त्याचा जिवाभावाचा मित्र जॅक इतरांपुढे बोलून जातो की माझा चेहरा असा असता तर मी जीव दिला असता. छळणाऱ्या मुलाने म्हटलं असतं तर एक वेळ सोसलं असतं. हे मित्र म्हणतो. त्या क्षणी वर्गातल्या सगळ्या माना तुमच्या मुलाकडे वळतील. मुलं दुष्ट नसतात हो, पण मान आपोआप वळते. आणि ज्याच्याकडे वळते त्याला त्या वेळी डोळेसुद्धा पुसता येत नाहीत.

दुसरं, अंधार, पोरांचा गलका आणि त्यात श्रवणयंत्र. तो ओठ बघून समजून घेत असेल तर डब केलेल्या आवृत्तीत ओठ आणि शब्द जुळणारच नाहीत. सबटायटल हवीतच.

सिनेमा मला आवडतो, पण काही गोष्टी खटकतात. ऑगीचं काम करणाऱ्या जेकब ट्रेम्बलेला हा सिंड्रोम नाही. त्या रंगभूषेला ऑस्करचं नामांकन मिळालं, काम उत्तमच आहे. पण चित्रीकरण संपलं की त्याला तो चेहरा उतरवून ठेवता येत होता. आमच्यासारख्या पुष्कळांनी तेव्हा विचारलं होतं की असा चेहरा असलेलं मूल का घेतलं नाही. शिवाय सिनेमा सुरू होतो तोवर ऑगीच्या २७ शस्त्रक्रिया उरकलेल्या असतात. प्रत्यक्षात जबडा वाढेल तसं शस्त्रक्रियेचं काम निघत राहतं. वर्गातली मुलं 'आता तुझं संपलं ना?' असं विचारतील, त्याची तयारी ठेवा. शेवटी त्याला पदक मिळतं, अख्खं सभागृह उभं राहतं. तिथे मला अवघडल्यासारखं होतं. तुमच्या लेकाने कुणाला प्रेरणा द्यायलाच हवी असं कुठे आहे? त्याला नुसतं डब्याच्या सुट्टीत खेळायला घेतलं तरी पुरे.

खरं तर त्यातला एक भाग पालकसभेत दाखवायला हवा. त्रास देणाऱ्या ज्युलियनच्या आईने वर्गाच्या फोटोतून ऑगीला खोडून टाकलेलं असतं, आणि मुख्याध्यापक तो फोटो आईबापांपुढे ठेवतात. माझ्या शाळेच्या दिवसांत मुलं लवकर सरावली. वाढदिवसाला बोलावणं यायचं नाही ते मोठ्यांमुळे.

खडू_फळा
मी शिकवते. बाईंनी तुम्हाला विचारलं हे बरंच केलं, पण त्यालाही विचारलंय का? 'नको' म्हणायची मुभा त्याला खरोखर असायला हवी. आणि सिनेमा झाल्यावर लगेच 'तुम्ही ऑगीशी कसे वागाल' यावर निबंध नको. तो वर्गात बसलेला असताना तर मुळीच नको.

धाकट्याची_ताई
तुमची मोठी लेक काहीच बोलत नाही हे वाचलं आणि राहवलं नाही. माझ्या भावाला दुभंगलेला ओठ आणि टाळू होता. या सिनेमाचा एक भाग ऑगीच्या बहिणीचा, व्हियाचा आहे. नव्या मित्राला ती सांगते, मी एकुलती एक आहे. शाळेच्या नाटकाचंही घरी लपवते. आईबाबा दमलेत म्हणून आपलं काही मागायचं नाही, हे तिला सवयीचं झालेलं असतं. मीही तशीच वाढले. काकू, आधी तिच्यासोबत बघा. मध्ये थांबवून काही विचारू नका, नुसत्या शेजारी बसा.

नीलमोहर
सगळ्यांचे मनापासून आभार. काल लेकीसोबत पाहिला. व्हियाचा भाग आला तशी ती उठून स्वयंपाकघरात गेली, थोड्या वेळाने परत येऊन चिकटून बसली. रात्री उशिरापर्यंत बोलली, बरंच काही. ते इथे लिहीत नाही.

लेकाला विचारलं. म्हणाला, 'आधी मी बघतो, मग सांगतो.' बाईंना तसं कळवून पुढच्या आठवड्याचा बेत थांबवलाय. पालकसभेचंही सुचवलं, त्या मुख्याध्यापकांशी बोलणार आहेत. उंबरठा, तुम्हाला व्यक्तिगत निरोप पाठवलाय, जबड्याच्या शस्त्रक्रियेबद्दल विचारायचं होतं.