स्टाफ बसच्या चालकांसाठी आरोग्याचं काय करता येईल? (चाकण, ३८ चालक)

लॉगशीट:
चाकण एमआयडीसीत कंपन्यांना स्टाफ बस पुरवणाऱ्या एका ट्रान्सपोर्टरकडे मी सुपरवायझर आहे. ३८ चालक आहेत. बहुतेक जण लातूर, बीड, नांदेडकडचे आणि चार-पाच जणांत एक खोली घेऊन राहणारे. गेल्या महिन्यात एकाला गाडीतच चक्कर आली. नशीब, गाडी उभी होती. तेव्हापासून मालकांच्या डोक्यात 'वेलनेस'ने घर केलंय. दीड लाख द्यायला तयार आहेत. एका एजन्सीने पावलं मोजायचं ॲप, महिन्यातून एकदा झुंबा, योगदिन आणि टी-शर्ट असं पॅकेज दिलंय. मला ते पटत नाही, पण दुसरं काय सुचवू तेही कळत नाही. कुणी असं काही केलंय का?

मुक्कामी_गाडी:
पावलं मोजून काय करणार? क्लच दाबलेले मोजता येतात का बघा, आकडा बघून मालक घाबरतील.

मी २९ वर्षं स्टिअरिंग धरलं. पहिली गोष्ट संडास-मुतारी. कंपनीच्या गेटवर वॉचमन आत सोडत नाही, बाहेर सोय नाही. मग चालक पाणीच पीत नाही. त्यात इंजिन पुढे असलेली गाडी असेल तर बोनेटची धग दिवसभर डाव्या मांडीला. माझा मुतखडा दोनदा निघालाय, तो काही नशिबाने नव्हे. आधी कंपन्यांना पत्र द्या की आमच्या चालकांना गेटच्या आत स्वच्छतागृह वापरू द्या. याला एक रुपया लागत नाही.

दुसरं विचारतो, खरं सांगा. रात्री सेकंड शिफ्ट सोडणारा आणि पहाटे फर्स्ट शिफ्ट उचलणारा माणूस एकच आहे का?

लॉगशीट:
काका, वर्मावर बोट ठेवलंत. सहा जणांचं तसं आहे. सेकंड सोडून खोलीवर यायला दीड वाजतो, पहाटे सव्वापाचला पहिला पिकअप. दुपारी झोपतात, पण कुठे, तर यार्डात उभ्या गाडीच्या मागच्या लांब सीटवर. मे महिन्यात दार उघडं ठेवलं तर डास, बंद केलं तर भट्टी. ज्याला चक्कर आली तो त्या सहांतलाच.

मुक्कामी_गाडी:
मग झुंबा त्यालाच करायला लावा!

१९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यातच दिवसाला ८ तास काम, सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती आणि सगळं मिळून १२ तासांच्या आत, असं होतं. तुमची ड्युटी तुकड्यातुकड्यांची, म्हणून कागदावर ८ तासच दिसतात. माणूस मात्र पहाटे पाचपासून रात्री दीडपर्यंत अडकलेला.

डॉ_स्टेथो:
कामगार आरोग्यात काम करते, म्हणून जरा लांब लिहिते.

तपासणी कराच, पण रिपोर्ट चालकाच्या हातात द्या, मालकाच्या टेबलावर नको. साखर वाढली तर गाडी जाईल ही भीती एकदा बसली की पुढच्या वेळी तपासणीच्या दिवशी निम्मे जण 'गावी' जातात. मालकांना फक्त 'ड्युटीस योग्य' किंवा 'उपचारानंतर पुन्हा बघू' एवढंच कळावं. आणि उपचाराच्या दिवसांत त्याला यार्डातलं काम मिळेल, पगार कापला जाणार नाही, हे आधी लेखी घ्या.

काय तपासायचं: बीपी, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी), लांबची आणि जवळची नजर. आणि खोलीतल्या सोबत्यांना विचारा, कोण जोरात घोरतो, घोरता घोरता कुणाचा श्वास अडकतो. अशा माणसाला आठ तास झोपूनही दिवसा डुलकी लागते. त्याची झोपेची तपासणी करून घ्या.

चक्करवाल्याला मधुमेहाची गोळी चालू आहे का? ग्लिमेपिराईडसारखी गोळी घेऊन जेवण हुकलं तर साखर धाडकन खाली येते. प्रत्येक गाडीत साखरेची पुडी ठेवा. हात थरथरले, घाम फुटला की गाडी बाजूला, तीन-चार चमचे साखर, पंधरा मिनिटं थांबायचं. बरं वाटेपर्यंत चाक हलवायचं नाही.

बसून राहण्याचं म्हणाल तर लंडनच्या दुमजली बसचा जुना अभ्यास आहे. जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये दाखवलं की दिवसभर जिना चढणाऱ्या वाहकांपेक्षा बसून असणाऱ्या चालकांना हृदयविकार जास्त. पुढे त्यांनीच गणवेशाच्या पँटींची मापं काढली, तर चालकांच्या कमरा तरुण वयापासूनच मोठ्या! म्हणजे सगळा दोष खुर्चीचा नव्हता. तरी दोन फेऱ्यांमध्ये यार्डाला दहा मिनिटं चकरा मारायला काहीच हरकत नाही.

डबा_दोन_पोळ्या:
आमचे हे कंपनीच्या बसवर आहेत, पिंपरीत. मी इथे आहे म्हणून पहाटे डबा जातो. खोलीवर राहणाऱ्यांना पहाटे कोण देणार? चहा-वडापाव, आणि झोप येऊ नये म्हणून तंबाखू. तंबाखू सोडा म्हणून भाषण देऊ नका, ह्यांच्याकडे झालं ते, संपल्यावर सगळे बाहेर जाऊन मळत होते. यार्डाजवळच्या एखाद्या मावशींना भाजी-भाकरी लावून द्या, निम्मे पैसे मालकांचे.

नटबोल्ट:
सीट बघितल्या का कुणी? स्प्रिंग बसलेली, पाठ टेकवली की लोखंड टोचतं. कमरेमागे टॉवेल गुंडाळून ठेवणारे चालक मोजा, तेवढ्या सीट आधी दुरुस्त करा. कमरेच्या व्यायामाचं नंतर बघू.

लॉगशीट:
सगळ्यांचे आभार. आज मालकांशी बोललो. सीट मोजल्या, टॉवेलवाले १४ निघाले. तेवढ्यांची दुरुस्ती मंजूर. यार्डातली पत्र्याची खोली रिकामी करून आठ खाटा, जाळ्या आणि कूलर, हेही मंजूर. रात्र-पहाट जोडी तोडायला दोन चालक वाढवावे लागतात, तिथे मालकांचा चेहरा उतरला. 'बघू' म्हणाले. मी चक्कर आली त्या आठवड्याची लॉगशीट समोर ठेवून आलोय.

डॉक्टर, तो गोळी घेतो, नाव ग्लिमेपिराईडच. त्या दिवशी पहाटेपासून फक्त चहा घेतला होता. कालच त्याला घेऊन दवाखान्यात जाऊन आलो, गोळी बदलून दिलीय.

मावशी शोधतोय. चाकण-भोसरी भागात सकाळी नऊच्या सुमारास यार्डात येऊन रक्त घेणारी लॅब कुणाला माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. त्याच वेळेला सगळे एकत्र सापडतात.