घरच्या टोमॅटोला चव हवी असेल तर कुठली जात लावू?

गच्चीवरची_बाग (पुणे):
मागच्या हिवाळ्यात नर्सरीतून १० रोपं आणून २० लिटरच्या बादल्यांमध्ये लावली, गांडूळखत घातलं, काठ्या लावून सुतळीने बांधली, टोमॅटो पण मस्त लागले, लाल, गुळगुळीत, पण चव अगदी मंडईतल्या टोमॅटोसारखीच, नुसती पाणचट. आजीच्या परसात चपटा, खोबणी असलेला गावरान टोमॅटो यायचा, त्याचं सार केलं की चिंच टाकायची गरजच नसायची. तसली चव देणारी जात कुठली? गणपती झाले की बी टाकणार आहे.

जुन्नरकर_शेती:
ताई, तुम्हाला मिळाली ती रोपं बहुतेक मंडईच्या हायब्रीडचीच असणार. आम्ही पण तेच लावतो, कारण नारायणगावहून लांबच्या मार्केटला माल जातो, साल जाड आणि फळ कडक नसेल तर क्रेटमध्येच चेचून जातं. त्यात तोडा करतो रंग सुटायला लागला की लगेच, बाकीचं पिकणं वाटेत. घरी खायचे मात्र आम्ही झाडावरच लालभडक होऊ देतो, तेच फळ पण फरक जीभ सांगते. तुम्हाला आंबटपणा हवाय तर पूसा रूबी लावा, जुनी जात आहे, चपटं फळ, हलक्या खोबणी, रसदार, सारासाठी एक नंबर. सरळ वाण आहे, हायब्रीड नाही, त्यामुळे बी घरचं धरता येतं. राहुरी विद्यापीठाची धनश्री पण बघा.

नाशिकची_माळीण:
पूसा रूबीला +१, पण बोकड्या रोग आला की रोप गेलंच समजा. पांढरी माशी पसरवते, पानं वाटीसारखी वर वळतात, झाड खुरटतं. माझी ६ पैकी ४ गेली होती, फार वाईट वाटलं. म्हणून दोन-तीन रोपं अर्का रक्षकची ठेवा, बंगळुरूच्या आयआयएचआर या बागायती संशोधन संस्थेची जात, बोकड्या, मर आणि लवकर येणारा करपा या तिन्ही रोगांना तोंड देते. चव पूसा रूबीएवढी नाही हे खरं, आणि हायब्रीड असल्याने बी दरवर्षी नवीन घ्यावं लागतं.
अजून एक, पिकायच्या आधी देठाभोवती गडद हिरवा खांदा असलेलं फळ दिसलं तर त्याचं बी जपा. सगळीकडे एकसारखा फिकट हिरवा रंग यावा म्हणून निवड होत गेली, आणि त्यात फळातली साखर कमी झाली, हे २०१२ साली संशोधनात दिसलं.

गच्चीवरची_बाग:
अरे वा, हे माहितीच नव्हतं!! मुलीला नुसते तोंडात टाकायला गोड पण हवेत, चेरी टोमॅटो जमेल का?

नाशिकची_माळीण:
आरामात. घरात सगळ्यात भरवशाचा तोच. वेल उंच जाते म्हणून ग्रिलला बांधा, ऊन सहा तास तरी हवं. फळं रंगायला लागली की पाणी थोडं कमी करा, गोडी वाढते, पण एकदम सुकवून मग भसकन ओतू नका, फळं तडकतात.

जुन्नरकर_शेती:
आणि तोडलेले फ्रीजमध्ये ठेवू नका ताई, वास मरतो. ओट्यावर टोपलीत, देठ खाली करून ठेवा. पूसा रूबीची साल पातळ, दोन-तीन दिवसांत संपवा.