इंद्रजालची मुखपृष्ठं रंगवणारे गोविंद: आठवणी सांगा

गोदाकाठ
गंगाखेडच्या जुन्या घराची आवराआवर चालू आहे. माळवदाच्या खोलीत पत्र्याच्या पेटीत इंद्रजाल कॉमिक्सचा गठ्ठा निघाला. आतली पानं वाळवीनं खाल्ली, पण वेताळाचं, म्हणजे फँटमचं, एक मुखपृष्ठ शाबूत. कोपऱ्यात बारीक सही, गोविंद.

वेताळ अमेरिकन लेखक ली फॉकचा हे सगळ्यांना ठाऊक. आतली बरीच चित्रं साय बॅरीची, हेही पुढं कळलं. पण स्टॉलवर ज्या चित्राला भुलून आपण बापाकडं पैशाचा हट्ट धरला, ते रंगवलं होतं आपल्या देशातल्या गोविंद ब्रह्मानिया यांनी. 1964 ला इंद्रजाल सुरू झालं, तिथून पुढं कित्येक वर्षं. आत सपाट रंगाच्या चौकटी. बाहेर मात्र ब्रशनं रंगवलेलं अंग, दंडावर मशालीचा उजेड. या माणसाचं नाव कुणी घेत नाही याचं वाईट वाटतं. लिहा काही आठवत असेल तर.

पूर्णा जंक्शन
वडील रेल्वेत. मनमाड-काचीगुडा मीटरगेज. स्टॉलवर दोरीला चिमट्यानं अंक लटकवलेले असायचे. विकत घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून गाडी सुटेस्तोवर मुखपृष्ठ बघायचं अन् गोष्ट मनानंच रचायची. धाकट्या भावाला रात्री तीच सांगायचो. तो अजून म्हणतो, खरी वेताळकथा तीच.

लातूरची मी
इंद्रजालमधला बहादूर!! भगवा कुर्ता, खाली जीन्स. मामानं तसाच कुर्ता शिवून घेतला होता, आजोबा म्हणाले कीर्तनाला बसणार का. बाकी नंतर लिहिते, कुकर झालाय

गोदाकाठ
ताई, बहादूर आबिद सुरतींचा, 1976 चा. चित्रं गोविंद यांचीच.

चित्रकलेचे मास्तर
चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेच्या वेळी मी स्नायू काढायला या मुखपृष्ठांवरूनच शिकलो. पेन्सिलनं चौकटी आखून वेताळ ड्रॉइंगशीटवर मोठा करायचा. तेव्हा ध्यानात आलं, हा माणूस जागा कशी राखतो. वर मालिकेचं नाव येणार, म्हणून तिथं नुसतं आभाळ नाहीतर गुहेचा अंधार. झेप घेणारा हात पुढं, मोठा. पाय मागं अंधारात गेलेले. चेहऱ्यावर मुखवटा, डोळे पांढरे, म्हणजे राग दाखवायला राहिलं काय? मान अन् खांदे. ते त्यांनी असे काही काढलेत की बघत राहावं. आता वर्गात पोरांना दाखवतो, नाव सांगून दाखवतो.

मोंढा नाका
मास्तर अंबाजोगाईचे का हो? मंडीबाजारात भाड्यानं पुस्तकं देणारे एक काका होते, आठवतात का

चित्रकलेचे मास्तर
व्हय! दहा पैसे भाडं. मुखपृष्ठ फाटलं तर दंड वेगळा. खळ लावून, पाठीमागं वर्तमानपत्र चिकटवून सगळी दुरुस्त केलेली. काका वाचत नव्हते, पण अंक जपायचे लेकरावाणी.

मोंढा नाका
त्यांच्या शेजारी भजे मिळायचे. तेलाचे डाग आमच्याच हातचे 😄

सेलूकर
राम वाईरकर, प्रताप मुळीक या चित्रकारांसाठीबी धागा काढा कुणीतरी. अमर चित्रकथा वाचली सगळ्यांनी, नागराजबी वाचला, मुळीकांचं नाव कुणाला माहीत?

लातूरची मी
आले. आमच्या दादानं मुखपृष्ठं कापून भूगोलाच्या वहीला लावली, मी रडरड रडले. पुढं पुरात सगळे अंक गेले, वही तेवढी आईनं जपली. आज फोटो काढून पाठवते. सही दिसते का बघते त्यावर.

जालना रोड
वाळवीचं काय केलं? पेटीत वेखंड अन् कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला. डांबराच्या गोळ्या नको, वास जात नाही.

गोदाकाठ
पाला आजच आणतो. लातूरच्या ताई, फोटो नक्की टाका. मास्तर, हे शाबूत राहिलेलं मुखपृष्ठ तुमच्या वर्गासाठी पाठवू का? इथं पेटीत ठेवून काय करायचंय.

चित्रकलेचे मास्तर
पाठवा. काचेची फ्रेम करून लावतो, खाली त्यांचं नाव लिहून.