संगीत नाटकाचा न गाणारा नायक : आयव्हर नोव्हेलो

पांझराकाठ (धुळे) :
आमच्या वाचनमंडळात या वेळी आयव्हर नोव्हेलो (१८९३–१९५१) यांच्यावर मला टिपण वाचायचे आहे. कार्डिफमध्ये जन्मलेल्या या वेल्श माणसाने लंडनच्या रंगभूमीसाठी संगीतिका लिहिल्या, त्यांना चाली दिल्या आणि त्यांतील नायकही बहुधा स्वतःच केला. पण तो नायक गात नसे. संगीत नाटकावर पोसलेल्या आपल्या श्रोत्यांना हे पटवावे कसे? शिवाय नोव्हेलो समलिंगी होते, हा उल्लेख टिपणात नको, असे मंडळातील काही ज्येष्ठांचे मत आहे. आपल्याला काय वाटते?

तापीतीर (भुसावळ) :
पहिल्या शंकेचे मूळ त्यांच्या घडणीत आहे. आई क्लारा नोव्हेलो डेव्हिस या नामांकित गायनशिक्षिका होत्या आणि मुलगा लहानपणी ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजच्या गायकवृंदात होता. मात्र आवाज फुटल्यानंतर त्या गळ्यावर कारकीर्द उभी राहण्याजोगी नव्हती. १९१४ मध्ये ‘कीप द होम फायर्स बर्निंग’ या युद्धकाळातील गाण्याच्या चालीने ते घराघरांत पोहोचले, पुढे मूकपटांचे देखणे नायक झाले (हिचकॉकच्या १९२७ च्या ‘द लॉजर’मध्ये तेच आहेत), आणि १९३५ मध्ये ड्रुरी लेन नाट्यगृहात ‘ग्लॅमरस नाइट’ आणताना त्यांनी आपली उणीव रचनेतच मुरवली : गाणी नायिकेकडे आणि इतर गायकांकडे, नायकाकडे संवाद, रूप आणि वावर. ‘द डान्सिंग इयर्स’मध्ये (१९३९) तर त्यांनी व्हिएन्नातील ज्यू संगीतकाराचीच भूमिका स्वतःकडे घेतली, म्हणजे नायक पियानोवर बसतो आणि त्याची गाणी दुसरे गातात. नाझींच्या छळाचा विषय त्या वर्षी करमणुकीच्या नाटकात आणणे धाडसाचे होते, आणि माझ्या मते त्यांचे सर्वांत मोलाचे काम तेच. रंगमंचावर जहाज बुडवणे, भूकंप घडवणे हे त्यांचे इतर चमत्कार प्रेक्षकांना फार आवडले. टिपणात त्यांना एक ओळ पुरे.

मेहरूणकर (जळगाव) :
ज्येष्ठांना एवढेच सांगावे की नट बॉबी अँड्र्यूज यांच्यासोबतचे त्यांचे सहजीवन सुमारे पस्तीस वर्षांचे होते आणि नाट्यवर्तुळात ते सर्वांना ठाऊक होते. इंग्लंड-वेल्समध्ये पुरुषांमधील समलिंगी संबंध १९६७ पर्यंत गुन्हा होता, आणि नाटकाच्या संहितेला १९६८ पर्यंत लॉर्ड चेंबरलेन या राजदरबारी अधिकाऱ्याच्या कचेरीची मंजुरी लागे. त्यामुळे ज्याला स्वतःच्या प्रेमाविषयी रंगमंचावर एक वाक्यही उच्चारता येत नव्हते, तोच माणूस हजारो प्रेक्षकांचा आदर्श प्रियकर होऊन रोज रात्री उभा राहत होता. हे वगळले तर कारकिर्दीतला मुख्य ताणच निघून जातो. मात्र प्रत्येक गाण्यात छुपा अर्थ शोधत बसू नये. तो आजकालचा छंद मला उथळ वाटतो.

तुलना हवी असेल तर घरचीच घ्या. बालगंधर्व लहानपणी आमच्या जळगावात मेहबूबखाँकडे गाणे शिकले, आणि त्यांच्या रंगभूमीवर भूमिका व गळा वेगळे काढणे अशक्य होते. तिथे प्रेक्षक गाण्याला ‘वन्स मोअर’ देत. नोव्हेलोंच्या नाटकात गाणे संपले की प्रेक्षकांची नजर न गाणाऱ्याकडे वळे. ही तुलना फक्त रंगमंचापुरती ठेवावी, खासगी आयुष्यांपर्यंत ओढू नये.

सातपुडा (नंदुरबार) :
१९४४ चा तुरुंगवास टाळू नका. युद्धकाळातील पेट्रोल-नियंत्रणाचा भंग केल्याबद्दल त्यांना चार आठवडे कैद भोगावी लागली. त्या प्रकरणाचा समलिंगी असण्याशी संबंध नव्हता, आणि हे स्पष्ट सांगितले नाही तर श्रोते नक्की घोटाळा करतील. सुटून ते पुन्हा ‘द डान्सिंग इयर्स’मध्ये उभे राहिले, तेव्हा प्रेक्षकांनी त्यांचे जोरदार स्वागत केले.

ऐकवण्यासाठी ‘परचान्स टू ड्रीम’मधील (१९४५) ‘वुई विल गॅदर लायलॅक्स’ घ्यावे. एरवी गीतलेखन बहुतांशी ख्रिस्तोफर हसॉल यांच्याकडे असे. या नाटकात मात्र शब्दही नोव्हेलोंचेच आहेत, आणि युद्धानंतर घरी परतणाऱ्यांच्या त्या गाण्यात त्यांची चाल बांधण्याची हातोटी सहज कळते.